उंच स्टेशनवरून दिसणारं घर

आमच्या गावचं जुनं स्टेशन पाडलं तेव्हा मी सांगलीत होतो. बातमी कळली ती वाचनालयाच्या चिटणीसांच्या फोनवरून. त्यांनी स्टेशन पाडल्याचं सांगितलं आणि त्याच दमात हेही सांगितलं, की यंदाच्या स्मरणिकेत स्टेशनचा इतिहास तुम्हीच लिहायचा. मीच का, तर मी सांगलीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. इतिहासासाठी भूगोलाचा मास्तर कशाला धरायचा, हे मी विचारलं नाही. गावात शिकलेल्या माणसाला विषय नसतो, तो नुसताच शिकलेला असतो.

सांगलीहून कराडकडे जाताना लागणारं आमचं गाव नदीकाठचं आहे, आणि नगरपालिका असल्यामुळे त्याला शहर म्हणायचं. नदीवर रेल्वेचा उंच पूल, पुलाला जोडणारा तितकाच उंच मातीचा भराव, आणि त्या भरावाच्या माथ्यावर स्टेशन. म्हणून सगळे त्याला उंच स्टेशनच म्हणायचे. तिकिटाची खिडकी खाली रस्त्याला, फलाट वर, आणि मधे दगडी पायऱ्या. गाडीची शिट्टी ऐकून कुणी धावत खिडकीशी आला, तर तिकीटवाला आधी त्याच्या पोटाकडे बघायचा आणि मग गाडी मिळेल की नाही ते सांगायचा. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

मी माहिती गोळा करायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळलो. स्टेशन एवढं उंच का, याची प्रत्येकाकडे वेगळी आणि शपथेवरची हकिगत. एक म्हणाला, साहेबानं पुराच्या भीतीनं उंच बांधलं. दुसरा म्हणाला, पुलाची उंची आधी ठरली आणि स्टेशन मागाहून तिथं टांगलं. तिसऱ्यानं आवाज खाली करून सांगितलं, की त्या जागी स्मशान होतं, म्हणून माती टाकून वर गेले. पायऱ्या किती होत्या यावर तर दोन सख्खे भाऊ माझ्यासमोर हमरीतुमरीवर आले. तिकिटाची खिडकी कुठल्या अंगाला होती, एवढं तरी मला स्वतःला ठाऊक असायला हवं. मी आळीच्या बाजूला म्हणालो. बायको म्हणाली, छे, नदीच्या बाजूला. ती मिरजेची, लग्नानंतर चार वेळा त्या स्टेशनवर उतरली असेल. पण ती एवढ्या ठामपणे म्हणाली, की आता डोळे मिटले की मला खिडकी दोन्हीकडे दिसते.

एका गोष्टीवर तेवढं सगळ्यांचं एकमत होतं. महापुरात लोक जनावरं घेऊन स्टेशनवर जाऊन राहिले, आणि पूर ओसरल्यावर म्हशी पायऱ्या उतरायला तयार होईनात. चढताना मुकाट्यानं चढल्या होत्या. शेवटी त्यांना रुळाच्या कडेनं लांब चालवत नेऊन, भराव जिथं जमिनीला टेकतो तिथून आणावं लागलं. हे मी स्मरणिकेसाठी लिहून घेतलं, कारण यात वाद नव्हता.

पण मला त्या स्टेशनबद्दल खरं म्हणजे एकच गोष्ट हवी होती आणि ती स्मरणिकेसाठी नव्हती. तिथून, गाडीच्या खिडकीतून, आमचं घर दिसायचं का? या एका प्रश्नापायी माझी आई जन्मभर बोल खात आली आहे.

भरावाच्या पायथ्याला चिकटून आमची आळी. ऊस आणि फौज या दोन गोष्टींवर चालणारी. घरटी एक तरी माणूस पलटणीत. बेळगावहून सैनिकांची खास गाडी उत्तरेला निघाली, की मिरज, सांगली करत ती आमच्या गावावरून जायची. गावावरून म्हणजे अक्षरशः वरून. ती आमच्या स्टेशनवर थांबत नसे, पण पुढं पूल असल्यामुळे हळू व्हायची. फलाटाची भिंत संपते आणि पूल सुरू होतो, त्या मधल्या मोकळ्या जागेतून खाली सगळी आळी दिसायची. कौलं, अंगणं, गोठे, सगळं. वरच्या माणसाला खालची हाक ऐकू येणं शक्य नव्हतं आणि खालच्या बाईला वरच्या हजार तोंडांत आपलं तोंड ओळखणंही शक्य नव्हतं. मग आळीतल्या बायकांनी यावर आपला एक तोडगा काढला होता.

खास गाडी यायची असली, की अंगणातल्या दोरीवर एकच कापड घालायचं. लाल लुगडं म्हणजे घरी सगळं खुशाल. हिरवं म्हणजे बाळंतपण सुखरूप झालं. पांढरं धोतर म्हणजे घरातलं माणूस गेलं. त्या दिवशी आळीत कुणी धुणं बाहेर वाळत घालायचं नाही, चिंधीसुद्धा नाही. गाडी कधी येणार हे लष्करी गुपित असायचं. पण स्टेशनातला पोर्टर खाली चहाच्या गाड्यावर येऊन "आज चहा जरा लवकर दे" म्हणाला, की आळीला समजायचं आणि बायका घरांतून कापडं घेऊन बाहेर पडायच्या. वरचा माणूस खिडकीला डोकं लावून बसलेला असायचा. लाल दिसलं की तो मागं टेकून तंबाखू मळायला मोकळा.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, मी आईच्या पोटात होतो, आणि त्यांची तुकडी सीमेकडे निघाली. त्या तुकडीत आमच्या आळीतले ते एकटेच. गाडी पुलाआधी हळू झाली. आबांनी खाली बघितलं. त्यांना आमचा कडुलिंब दिसला, आमचं कौल दिसलं, आणि अंगणातल्या दोरीवर पांढरं धोतर दिसलं. मागच्या रजेत त्यांची आई, म्हणजे माझी आजी, तापानं अंथरुणाला खिळलेली होती. विचार करायला काही उरलंच नाही. पूल ओलांडून गाडीनं वेग घेतला आणि आबा सोबत्यांना म्हणाले, आई गेली. पुणं यायच्या आत पलटणीतल्या न्हाव्यानं त्यांचे केस काढले, मिशी उतरवली. चालत्या गाडीत वस्तरा हलला. त्याची खूण आबांच्या डाव्या कानावर आजही आहे.

पुढं घरून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की आईची तब्येत आता छान आहे, तुझी आठवण काढते. आबांनी ते वाचलं आणि सोबत्यांना दाखवलं. सोबती सगळे सातारा-सांगलीचे. त्यांनी माना हलवल्या. सीमेवरच्या पोराला घरचे कधी खरं कळवतात का? तब्येत छान आहे असं मुद्दाम लिहिलंय म्हणजे नक्कीच गेली. पत्र जितकं खुशालीचं, तितकी खात्री पक्की. घरून येणाऱ्या प्रत्येक पत्रानं आजी आणखी थोडी मेली.

आबा रजेवर आले तेव्हा मी दोन-तीन महिन्यांचा होतो. उंच स्टेशनच्या पायऱ्या उतरायला लागले आणि खाली बघतात तर आजी, भाकरतुकडा ओवाळून टाकायला हातात घेऊन उभी. आबांच्या हातून ट्रंक सुटली आणि पायऱ्यांवरून एकटीच खाली आली. ते तिथंच बसले आणि लहान पोरासारखे रडले. आजीही रडली, कशाबद्दल ते कळायच्या आधीच. मग कळलं. मग दोघांनी एकदमच आईकडे बघितलं. आई मला घेऊन उभी होती. "तुला पहिल्यांदा बघायला आलेल्या माणसानं त्या दिवशी तुला बघितलंच न्हाई," असं ती अजून म्हणते.

दोरीवर कापड घालायचं काम आईचं होतं. तिचं म्हणणं, मी लालच घातलं होतं, माझं लग्नातलं. आबांचं म्हणणं, मी पांढरं बघितलं. ती म्हणायची, "म्या माझ्या हातानं घातलंय." ते म्हणायचे, "म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय." त्या दोन वाक्यांवर आमचं घर पन्नासएक वर्षं उभं आहे.

आजीनं तर निकाल त्याच दिवशी लावला. "मला जित्ती आसताना मारलं हिनं." आमटीत मीठ जास्त पडलं, म्हैस आटली, पाहुण्यांना चहा उशिरा मिळाला, कशावरूनही बोलणं निघालं की शेवट याच वाक्यावर. नव्या सुनेच्या मनात काय होतं ते दोरीवर दिसलं, असं ती आळीतल्या बायकांना सांगायची. आणि तापातून उठलेली ती म्हातारी मी कॉलेजात जाईपर्यंत ठणठणीत जगली. अगदी जायच्या आदल्या दिवशी आईचा हात धरून म्हणाली, "आता घाल गं पांढरं." आम्हाला वाटलं चेष्टेनं म्हणाली असेल. आई चुलीपुढं जाऊन बसली आणि कितीतरी वेळ तिचं रडू थांबेना.

लहानपणी मी जो बोलेल त्याचा असायचो. आई सांगायला लागली की मला दोरीवर लाल दिसायचं. आबा सांगायला लागले की पांढरं. आबा खोटं बोलणारा माणूस नव्हता आणि आईसुद्धा नव्हती. पुढं मोठा झाल्यावर मी नाना तर्क लढवले. आजोबांचं धोतर चुकून भिंतीवर राहिलं असेल. आबांनी शेजारचं अंगण बघितलं असेल. कुणाचं तरी धुणं असेल. आळीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर त्या दिवशी पांढरं कुणाच्याच घरी नव्हतं म्हणतात. आणि आजकाल तर त्यांतल्या निम्म्या म्हणतात, असली काही रीतच नव्हती, हे तुला कुणी सांगितलं? कापडाची रीत होती की नव्हती इथपासून सुरुवात. अशानं माणसानं कुठं जायचं?

वर जाऊन बघावं म्हटलं तर तेही जमत नसे. आमच्या पॅसेंजर गाड्या फलाटाला थांबत आणि फलाटाला उंच भिंत. गाडी सुटून भिंत संपेपर्यंत मी खिडकीत तयार होऊन बसायचो, पण कडुलिंब शोधेतो पूल यायचा. पुढं त्या मोकळ्या जागेत बाभळी इतक्या माजल्या की काहीच दिसेनासं झालं.

आईनं त्या दिवसापासून एक केलं. ती उंच स्टेशनची पायरी कधीच चढली नाही. तिचं माहेर जतकडं, दुष्काळी भागात. रेल्वेनं मिरजेपर्यंत गेलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. पण ती एसटीनंच जायची, तोंडात लिंबू धरून, तीन ठिकाणी गाडी बदलून, आणि पोहोचल्यावर दिवसभर पडून राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, मला उंचावर गरगरतं. एसटीत तिला काय व्हायचं ते आम्ही बघत होतो.

तर आता स्टेशन पाडलं. दुसरा रूळ टाकायचा म्हणून लाइनच सरकवली, नवा पूल झाला, आणि पलीकडं सपाटीवर नवं स्टेशन झालं, कुठल्याही गावचं असावं तसं. जुन्या भरावाची माती रस्त्याच्या कामाला न्यायला सुरुवात झाली. जानेवारीतल्या एका रविवारी मी स्मरणिकेच्या निमित्तानं गावी गेलो. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत रांगत गावात आली आणि मी वळायचं ठिकाण चुकलो. आमच्या घराकडं वळायचं ते स्टेशनच्या पायऱ्या दिसल्या की, हे पाय शिकलेले. पायऱ्या नाहीत म्हटल्यावर मी, भूगोलाचा मास्तर, सरळ नदीपर्यंत जाऊन परत आलो.

जेवताना मी आईला सांगितलं, की सगळं साफ केलंय, फलाटाची भिंतही पाडली, बाभळीही काढल्या. आबा सोप्यात खाटेवर होते. पाय घसरून पडल्यापासून ते फारसे उठत नाहीत, टीव्ही मोठा करून बातम्या बघतात. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी आता वरनं आळी दिसत आसल."

"दिसत असेल."

"आन् ती माती बी नेत्यात म्हनं."

"पंधरा दिवसांत सगळी जाईल."

तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, आणि आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली. ट्रंक तीच, पायऱ्यांवरून पडलेली. तिच्या एका कोपऱ्याला अजून पोच आहे. तळातून तिनं लग्नातलं लाल लुगडं काढलं. ते इतकं विरलं आहे, की घडी मोडताना मला भीती वाटली. भिंत धरत धरत ती गच्चीवर गेली, एका एका पायरीवर थांबत, आणि स्वतःच्या हातानं ते दोरीवर घातलं. चार ठिकाणी चिमटे लावले. मग खाली येऊन म्हणाली, "चल."

मी म्हटलं, "आई, गुडघे. आणि तू तर त्या पायऱ्या चढणार नव्हतीस."

"पायऱ्या हायत्या का आता? न्हाईत न्हवं. मग झालं की."

आबांनी टीव्हीचा आवाज न कमी करता विचारलं, कुठं निघालाय. आई म्हणाली, जवळच, आलोच. मला वाटलं, आज काहीतरी सोक्षमोक्ष होणार. खरं सांगायचं तर मला तो व्हायला हवा होता. कुणाच्याही बाजूनं का होईना, पण एकदाचा व्हावा.

डंपरसाठी भरावावर तिरका रस्ता काढला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून आई चढत होती. वरून एक भरलेला डंपर येत होता, तो थांबला. ड्रायव्हर कर्नाटकाकडचा असावा, पण बोलत होता आमच्यासारखंच.

"आज्जी, कुठं?"

"माझं घर बघायला."

"वर घर हाय व्हय?"

"घर खाली हाय. वरनं बघायचंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं इंजिन बंद केलं आणि आम्ही पुढं जाईपर्यंत थांबला.

माथ्यावर वारा होता. जिथं फलाट होता तिथं आता तुडवलेला मुरूम आणि फुटक्या विटा. तिकिटाची खिडकी कुठल्या अंगाला होती हे तिथं उभं राहूनही मला कळलं नाही. आई दम खात उभी राहिली आणि नदीकडं बघत म्हणाली, "एवढ्या उंचावरनं जात हुती व्हय गाडी." एवढ्या वर्षांत खाली राहून तिनं हजारो गाड्यांचा आवाज ऐकला होता, पण त्या कुठून जातात हे ती पहिल्यांदाच बघत होती.

आम्ही भिंत संपायची त्या जागी आलो. खाली आळी होती. आईनं पदर डोक्यावर घट्ट केला, हात कपाळाशी धरला आणि बघायला लागली.

"आपलं ते," ती म्हणाली.

"कुठलं?"

"त्ये न्हवं का, लाल दिसतंय ते."

लाल होतं. पण त्याच्या शेजारच्या गच्चीवरही लाल होतं, आणि दोन घरं सोडून एक लाल चादर. मी म्हटलं, आई, ते आपलं नसेल, आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तर टाक्या सगळ्याच गच्च्यांवर. काळ्या, एकासारख्या एक. मी म्हटलं, कडुलिंब शोध. ती म्हणाली, कडुलिंब तुझ्याच लग्नात मांडवासाठी तोडला. मग देवळाचा कळस शोधला, तर तो दुमजली बंगल्याच्या आड. मी मोबाइलवर नकाशा काढला. नकाशात आम्ही दोघं रेल्वे लाइनवर उभे होतो आणि स्टेशन अजून होतं. तो गोल गोल फिरवून मी एका गच्चीकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, तिथं तर सोलर हाय, आपल्याकडं कुठलं सोलर. मी दुसरीकडं दाखवलं. ती म्हणाली, ते निळं ताडपत्रीचं? आपल्याकडं ताडपत्री न्हाई. मग तिनं एकीकडं दाखवलं आणि मला तिथं गोठा दिसला. आमच्या घराला गोठा राहिलेला नाही.

मी वर्गात पोरांना उत्तर-दक्षिण शिकवतो. मला माझं जन्माचं घर सापडत नव्हतं. आणि ती बाई पन्नासएक वर्षं त्या घरात राहिली होती, अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या हातानं तिथं लाल लुगडं घालून आली होती.

"कौलं हुती तवा सोपं आसल का अवघड?" तिनं विचारलं.

"काय माहीत."

"चालत्या गाडीतनं."

"हं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्ये पांढरं कुणाचं रं?"

आळीच्या टोकाला, कुणाच्या तरी गच्चीवर, काहीतरी पांढरं वाळत होतं. धोतर नसेल, आता धोतर कोण नेसतं? चादर असेल, शाळेचे शर्ट असतील. मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. खाली डंपरवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा आम्ही उतरलो.

उतरताना मी मनात खटला तयार करत होतो. आता आईच्या हाती मोठा पुरावा आला होता. दिवसाढवळ्या, थांबून, डोळे भरून बघूनही घर सापडत नाही, तर पळत्या गाडीतून दिसलेल्या कापडावर काय भरवसा ठेवायचा? आजी असती तर तिच्यासुद्धा तोंडावर हे मारता आलं असतं. मी आईला तसं म्हणालोही. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिचं सगळं लक्ष पाय कुठं ठेवायचा याकडं होतं.

घरी आलो. गच्चीवर लाल लुगडं होतं तसंच होतं, वाऱ्यानं फुगत होतं. आईनं टीव्ही बंद केला. असं ती कधी करत नाही. मग खाटेच्या कडेला बसली. मी दारातच थांबलो. मला वाटलं आता सुरू होणार, आणि मला आबांची भीती वाटली. ह्या वयात त्यांना कुणी खोटं पाडू नये असं एकदम वाटून गेलं.

"आवं," आई म्हणाली, "म्या वर जाऊन आले. उंच स्टेशनावर."

आबांनी मान वळवली.

"लाल घातलं हुतं आपल्या गच्चीवर. लय शोधलं. मला बी न्हाई घावलं आपलं घर."

एवढंच म्हणाली. मी वाट बघत होतो पुढच्या वाक्याची. ते आलंच नाही.

आबा छताकडं बघत राहिले. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मला वाटलं पुन्हा सांगावं लागेल. पण त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांचा हात सावकाश वर आला आणि डाव्या कानावरच्या वणावर जाऊन थांबला.

"मग म्या कुणाचं बघितलं?"

आई त्यांच्या पायावरची शाल नीट करत म्हणाली, "कुणाचं का आसंना. पांढरं हुतं म्हंजी कुणीतरी गेलंच आसल की. त्येच्यासाठी केस दिलं म्हनायचं."

आबांनी डोळे मिटले. झोपले असं समजून मी आत जायला वळलो, तेवढ्यात ते म्हणाले, "बाप्या हुता का बाई, एवढं तरी कळाय पायजे हुतं."

 ऊन उतरायला लागलं होतं. आई उठली आणि भिंत धरत धरत लुगडं काढायला गच्चीवर गेली.